बालवाडीची बाई 'शिक्षिका' का नाही?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या वस्त्यांमधून मुलांच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलगा असेल तर आयटीआय, नाहीतर तारापूर एमआयडीसीतली एखादी कंपनी. मुलगी असेल आणि घरात पैसा नसेल, तर कोणीतरी हमखास सल्ला देते, "नर्सरीचा कोर्स कर. सहा महिन्यांत बाई होशील, घर सांभाळून नोकरी होईल." या सल्ल्यात दोन गृहीते दडलेली आहेत. लहान मुलांना शिकवायला फारसे शिक्षण लागत नाही, हे एक. आणि हे बायकांच्या घरकामाच्याच पठडीतले काम असल्याने त्याचा मोबदला बेताचाच असायचा, हे दुसरे. दोन्ही गृहीते खोटी आहेत. त्याचा पुरावा शोधायला पालघर जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

बोईसरहून गाडी निघाली की वाणगाव आणि त्यापुढे डहाणू रोड. डहाणू तालुक्यातच कोसबाडची टेकडी आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली भावनगरला नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. बालविधवा म्हणून आयुष्य सुरू करून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. हेच ते १९४५ साल, ज्या साली याच परिसरात वारली आदिवासींनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध बंड पुकारले. ज्यांचे आईबाप सावकाराच्या आणि जमीनदाराच्या दारात वेठीला जुंपलेले, त्या मुलांना बालवाडीत बसवायचे होते. मुले येईनात. कारण साधे होते. पाच वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत होती, सात वर्षांचा पोरगा गुरे वळत होता.

तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. ती अंगणवाडी. गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. ती कुरणशाळा. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी झाली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरल्या बहिणीचे हात मोकळे होतात आणि ती शाळेत बसू शकते, इतका व्यवहारी विचार त्यामागे होता. मॉन्टेसरीचे महागडे लाकडी साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून बिया, खडे, शिंपले, पाने आणि माती वापरून मोजणे, लावणे, ओळखणे शिकवले गेले. या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या नव्हत्या. तरीही कष्टकऱ्यांच्या मुलाला शाळेच्या सोयीने वाकवण्याऐवजी शाळेला मुलाच्या सोयीने वळवण्याचे त्यांचे काम आम्ही मोठे मानतो.

मारिया मॉन्टेसरींनी आपले पहिले बालगृह उघडले तेही ६ जानेवारी १९०७ रोजी, रोममधल्या सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर मुले चाळीत मोकाट फिरत आणि भिंती खराब करत, म्हणून त्यांची सोय करायची होती. आज तेच नाव शहरोशहरी भरमसाट फी घेणाऱ्या बालवर्गांच्या पाट्यांवर झळकते, आणि बोईसरच्या चाळींत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्या पाटीखाली उभे राहण्याचीही ऐपत नसते. गरिबाच्या मुलासाठी शोधलेली विद्या अशी उलटी फिरली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव घेतले, पण कोसबाडला शिकवणारी जी बाई होती तिचा दर्जा मात्र घेतला नाही. तिला 'सेविका' म्हटले, आणि पगाराऐवजी 'मानधन' दिले. पूरक आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी आणि आता मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, हे सगळे उरकल्यावर वेळ उरला तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण. ज्या कामाने मुलाच्या पुढच्या सगळ्या शाळेचा पाया पडतो, तेच काम यादीत शेवटी ढकलले जाते.

कायद्यानेही हेच केले, आणि वकील म्हणून आम्हाला हा भाग अधिक बोचतो. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू असताना नझीरुद्दीन अहमद यांनी 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला दुसरे कलम मनाई करते, मग त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणातच असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुले आली. खालची वयोमर्यादा घातली गेली नाही. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. आणि मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिचे सर्वत्र स्वागत झाले. पण कलम २१-अ मध्ये हक्क मिळाला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला. सहा वर्षांखालचे मूल मूलभूत हक्कातून बाहेर काढून नव्या कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, ठेवले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ पूर्वप्राथमिक शिक्षणाबाबत सांगते की सरकार आवश्यक ती व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतल्या आहाराचा हक्क दिला. म्हणजे खिचडी मिळाली नाही तर आपण दाद मागू शकतो, आणि शिकवले नाही तर कायदा गप्प.

डिसेंबर २००६ मध्ये तर मोठा विरोधाभास घडला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असेही सांगितले. त्याच महिन्यात अमीरबी खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले, की अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाही. केंद्र हवे, पण ते चालवणारी कर्मचारी नाही!

या कोंडीला पहिली मोठी फट पडली ती २५ एप्रिल २०२२ रोजी. मणिबेन भारिया या गुजरातच्या सेविकेच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी लागू केली आणि मानधन हे वेतनच आहे असे ठरवले. न्या. ओक यांनी एक गोष्ट आणखी स्पष्ट केली. अंगणवाडीतले तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे काम हे निव्वळ शैक्षणिक कार्य आहे आणि शिकवण्याचे काम सेविका व मदतनीसच करतात. (न्या. ओक यांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या न्यायालयात, आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते.) हे वाक्य प्रत्येक सेविका संघटनेने आपल्या निवेदनाच्या पहिल्या पानावर छापावे. महाराष्ट्रातल्या सेविकांनी २०२३ च्या डिसेंबरपासून पन्नास दिवसांहून अधिक काळ संप केला तो मानधनवाढीसाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी. 'आम्ही शिक्षिका आहोत' ही मागणीही तितक्याच जोराने पुढे आली पाहिजे.

कोणी म्हणेल, दर्जाने काय फरक पडतो? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलांटी येथे १९६० च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. ५८ मुलांना उत्तम बालशाळा मिळाली, ६५ जणांना नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालशाळेत गेलेल्यांची कमाई अधिक होती, अटकेचे प्रसंग कमी होते. पण तेथे शिकवणारे पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक होते, एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुले होती आणि शिक्षक दर आठवड्याला घरी जाऊन आईला भेटत. हा परिणाम सहा महिन्यांच्या कोर्सने आणि तुटपुंज्या मानधनाने येत नसतो.

म्हणून आपल्या मुलींनी या क्षेत्रात जरूर यावे, पण पूर्ण तयारीने यावे. बारावीनंतर इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका आहे. ती नोकरी करत करताही होते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात मानव विकास या विषयातली पदवी मिळते. पहिलीपासून पुढे शिकवायचे असेल तर डी.एल.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा हवी. शासनाच्या बाजूला अंगणवाडी सेविका, मग पर्यवेक्षिका आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून बालविकास प्रकल्प अधिकारी अशी पायरी आहे. आपल्या मुली पहिल्या पायरीवर येतात आणि तिथेच निवृत्त होतात. पर्यवेक्षिकेला पदवी लागते, म्हणून सेविका झालेल्या मुलीने पदवी अर्धवट सोडू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका मांडली आहे. ती प्रत्यक्षात मिळते का, हे आपणच विचारत राहिले पाहिजे.

तारापूरच्या कारखान्यांकडेही लक्ष द्यायला हवे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असल्या तर पाळणाघर बंधनकारक होते, आणि स्त्रियांची संख्या कागदावर तीसच्या आत ठेवण्याची युक्ती मालकांसाठी सोपी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पाळणाघराची अट पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला आहे. तेथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. ही पाळणाघरे खरोखर उघडली, तर प्रशिक्षित मुलींना बोईसरमध्येच काम मिळेल आणि कामगाराचे मूलही सुरक्षित राहील. कामगार संघटनांनी हा मुद्दा वेतनकरारात घ्यावा.

शेवटी पालकांना कामाची गोष्ट. आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या एका मुलीच्या प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, तिरंगा होता, 'भारत' हा शब्द होता. नव्हते ते फक्त कुठल्याही विद्यापीठाचे किंवा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या मान्यतेचे नाव. फी मात्र आईने बचत गटातून कर्ज काढून भरली होती. तेव्हा फी भरण्याआधी विचारावे, की प्रमाणपत्र कोण देणार, त्या संस्थेला मान्यता कोणाची, आणि या प्रमाणपत्रावर नेमक्या कोणत्या पदासाठी अर्ज करता येतो. उत्तर लेखी मागावे. आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, कोर्सचे पूर्ण नाव लिहिलेली, जपून ठेवावी.