बेनकाका पुन्हा पुन्हा का मरतात?

या आठवड्यात खलनायकाकडे वळायचं ठरलं होतं, पण तो विषय पुढे ढकलतो आहे. सुपरहिरोंच्या उगमकथेच्या ठरलेल्या साच्यावर एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी सोडवायला हवा: काय होणार हे पक्कं ठाऊक असलेलं मरण प्रेक्षक तिकीट काढून पुन्हा पुन्हा का पाहतो? यासाठी स्पायडर-मॅनच्या बेनकाकांसारखं उदाहरण नाही. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ती गोष्ट ११ पानांत सांगितली. अंगात नवी ताकद आलेला पीटर पार्कर पळत्या चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. बॅटमॅनचे आईवडील मारले जातात त्यात लहानग्या ब्रूसचा दोष नसतो; पीटरला मात्र हे आपल्याला टाळता आलं असतं, ही टोचणी जन्मभर पुरते. साच्याचा कणा ही टोचणीच आहे. तो जपून बाकी सगळं बदलता येतं. सॅम रेमींच्या २००२च्या चित्रपटात कुस्तीच्या आयोजकाने पीटरचे पैसे बुडवलेले असतात, त्यामुळे तो चोराला वाट देतो तेव्हा प्रेक्षकालाही बरं वाटतं आणि नंतरच्या अपराधात तोही वाटेकरी होतो. मार्क वेब यांच्या २०१२च्या चित्रपटात दोन सेंट कमी पडले म्हणून पीटरला दुकानात दूध मिळत नाही, त्या रागात तो चोराकडे काणाडोळा करतो. कारण जितकं क्षुल्लक, तितकी हळहळ मोठी.

यावर आक्षेप असा की, हा निव्वळ स्टुडिओंचा धंदा आहे, चाललेला माल पुन्हा विकण्याचा. धंदा तर आहेच. पण त्यातून चित्रपट का निघतो एवढंच कळतं, प्रेक्षक का रमतो हे कळत नाही. नुसती पुनरुक्ती आवडत असती तर २०१२च्या चित्रपटावर ‘दहाच वर्षांत पुन्हा तेच’ अशी टीका झाली नसती. २०१६ मध्ये टॉम हॉलंडचा पीटर पडद्यावर आला तेव्हा काकांचं मरण दाखवलंच नाही, तरी काही अडलं नाही. प्रेक्षकाने ती जागा स्वतःच भरली. मग २०२१च्या ‘नो वे होम’मध्ये मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते, ही बेनकाकांची प्रसिद्ध शिकवण पीटरच्या जखमी मे काकूंच्या तोंडी आली, आणि काकू कोसळण्याआधीच जाणत्या प्रेक्षकाच्या पोटात गोळा आला. नवख्याला तिथे फक्त एक चांगला उपदेश ऐकू येतो.

याहून ठोस पुरावा २०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये आहे. जवळच्या माणसाचं मरण प्रत्येक स्पायडर-मॅनच्या वाट्याला यायलाच हवं, नाहीतर त्याचं विश्व कोसळेल, असं वेगवेगळ्या विश्वांतल्या अनेक स्पायडर-मॅनपैकी एक असलेला मिगेल ओ’हारा दुसऱ्या एका तरुण स्पायडर-मॅनला, माइल्सला, बजावतो; माइल्स ते धुडकावून वडिलांना वाचवायला निघतो. म्हणजे साचाच नायकाच्या वाटेत उभा राहतो. तीच गोष्ट साठ वर्षं ऐकत आलेला प्रेक्षकवर्ग समोर नसता, तर त्या नकाराला एवढं वजन आलंच नसतं. साच्याची गोडी मला इथे दिसते: तो प्रेक्षकाला जाणकार करतो, आणि जाणकाराला एखादं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेलं तरी त्यात नवी गोष्ट सापडते. ज्या चित्रपटांना साचा पाळूनही असं काही सुचत नाही, ते प्रेक्षकाच्या या जाणकारीचा अपमान करतात. पुढच्या आठवड्यात खलनायक, आणि तो इतक्या वेळा नायकाचीच ताकद घेऊन का येतो, हा प्रश्न.