चावीवाल्याची फेरी

पहाटे ४.१५

गजर व्हायच्या आधीच जाग येते. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे. आषाढात पाऊस असा लागला, की अंथरुणातच माझा टप्पा डोळ्यांपुढे उभा राहतो. खडीत पाणी कुठे तुंबते, कोणत्या वळणावर गाडी उशिरा दिसते, वालधुनी नदीचे पाणी चढले की आधी कुठे बघायचे, हे सगळे मनातल्या मनात चालून होते.

मी रेल्वेत चावीवाला आहे. कागदोपत्री ‘ट्रॅक मेंटेनर’. पूर्वी रूळ जागेवर धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकत. ढिली झालेली चावी रोज फिरून ठोकणारा तो चावीवाला. आता चावीच्या जागी स्प्रिंगची क्लिप आली, सिमेंटचे स्लीपर आले. नाव मात्र तेच राहिले.

आमची खोली कॅम्प नं. ३ मध्ये, जुन्या बरॅकींच्या ओळीत आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे फौजेचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना याच बरॅकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे उल्हासनगर झाले. शेजारच्या सिंधी अम्मा माझ्याआधी उठलेल्या असतात. मी कडी लावून निघालो, की आतूनच विचारतात, “बेटा, छत्री ली?” लाइनवर छत्री चालत नाही, हे त्यांना चौदा वर्षांत पटलेले नाही. पण रोज कोणीतरी विचारते आहे, याचे बरे वाटते.

“अहो, रेनकोटची टोपी मागे टाका, कानावर घेऊ नका,” बायको डबा देताना म्हणते. हा धडा मीच तिला कधीतरी सांगितला होता. कान झाकला, की गाडी ऐकू येत नाही.

५.३० : हजेरी

टूल रूम अंबरनाथच्या बाजूला आहे. मुकादमांना आम्ही सगळे मामा म्हणतो. हजेरीच्या वहीवर सही करण्याआधी मामांचा एकच प्रश्न असतो, “किती झोपलास?”

“पावणेसात तास, मामा.”

“जा मग.”

नवीन माणसाला हा प्रश्न घरगुती चौकशीसारखा वाटतो. पण तो कामाचाच आहे. लोकल बंद असतात तेवढ्या मोजक्या वेळात रात्री ब्लॉक घेऊन मोठी कामे होतात. रूळ बदलणे, वेल्डिंग, खडी भरणे. रात्रीचा ब्लॉक करून आलेला माणूस दिवसा चाळीत झोपायला जातो. बाहेर भाजीवाल्यांच्या आरोळ्या, आत पोरांचा गोंधळ. अशी तुटकी झोप घेतलेला माणूस मामा एकट्याने टप्प्यावर पाठवत नाहीत आणि लुकआउटलाही, म्हणजे गाडीवर नजर ठेवायलाही, उभा करत नाहीत. ते म्हणतात, “हात जड असला तर काम हळू होतं. डोळा जड असला तर माणूस जातो.”

मग सामान. हातोडा, पाना, थोड्या क्लिपा आणि लायनर, लाल-हिरवी निशाणे, शिट्टी, बॅटरी आणि फटाके. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे डिटोनेटर. अंगात केशरी जॅकेट. ‘रक्षक’ नावाचे छोटे यंत्रही आता लाइनवरच्या माणसांना मिळू लागले आहे. जवळच्या स्टेशनातून गाडी सुटली की ते थरथरते आणि वाजते. यंत्र चांगलेच आहे. पण मामा बजावतात, की यंत्र वाजले नाही म्हणजे गाडी नाही, असे धरायचे नाही.

६.०० : टप्पा सुरू

डाऊन, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या, लाइनीवरून विठ्ठलवाडीकडे जायचे आणि अप, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या, लाइनीवरून परत यायचे. म्हणजे दोन्ही वेळा तोंड येणाऱ्या गाडीकडे राहते. जाताना चारेक किलोमीटर, येताना तितकेच, आणि प्रत्येक पाऊल खडीवर.

हा मार्ग १८५६ सालचा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली तेव्हापासून इथे कोणी ना कोणी असा चालतो आहे. कल्याण ते बदलापूर या सुमारे १४ किलोमीटरच्या पट्ट्यात अजून दोनच लाइनी आहेत. बदलापूर, कर्जत, खोपोलीच्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या, सगळे या दोन लाइनींवरून जाते. तिसऱ्या-चौथ्या लाइनीचे काम चालू आहे. तोवर आम्हाला मोकळी लाइन दिवसा जवळजवळ मिळतच नाही.

मी काय बघतो? क्लिप जागेवर आहे का. लायनर सरकला आहे का. सांध्याचे बोल्ट ढिले आहेत का. वेल्डिंगवर केसासारखी रेघ दिसते का. सांध्याखाली खडी पांढरी पडून चिखल उडतो आहे का. तसे दिसले, तर गाडी जाताना स्लीपर खाली-वर होतो आहे असे समजायचे. संशय आला की हातोडा मारायचा. धड रूळ खणखणीत वाजतो. तडा गेलेला रूळ बद्द बोलतो. रुळाच्या पोटातले दोष शोधायला अल्ट्रासोनिक यंत्राची माणसे ठरलेल्या मुदतीने येतात. पण रोज येणारा मी. थंडीत रूळ आकसून तडकतो, उन्हाळ्यात फुगून बाजूला सरकू पाहतो, पावसात त्याच्या खालची जमीन मऊ होते. प्रत्येक ऋतूत भीतीची जागा वेगळी असते.

काही आढळले, तर ठिकाण सांगण्यासाठी वीजखांबावरचा आकडा वाचायचा. खांबावर किलोमीटर आणि क्रमांक लिहिलेला असतो. त्या खांबांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. उपनगरी मार्गावरचा जुना १५०० व्होल्टचा प्रवाह २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने गेला. त्या तारेपासून दोन मीटरच्या आत माणूस किंवा हातातली लोखंडी वस्तू जाता कामा नये, हा पहिल्या दिवशीचा धडा.

७.४५ : गर्दीची वेळ

आता दोन्हीकडून गाड्या. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर येते. मला ती तीनशे मीटरवर दिसली, तर हातात दहा सेकंद असतात. त्यात ओळखायचे, हत्यार उचलायचे आणि लाइनीबाहेर पडायचे.

आमच्या कामातला सर्वांत घातक क्षण पहिल्या गाडीचा नसतो. तो दुसऱ्या गाडीचा असतो. एक गाडी आली म्हणून माणूस शेजारच्या लाइनीवर सरकतो. पहिलीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. म्हणून नियम असा, की गाडी कोणत्याही लाइनीवर असो, दोन्ही लाइनी सोडून कडेला उभे राहायचे आणि दोन्ही बाजू दिसेपर्यंत पाऊल आत टाकायचे नाही.

हा नियम मला पाठ होता, तरी नोकरीच्या सुरुवातीला एका पावसाळी सकाळी मी चुकलो. शेजारच्या लाइनीवर सरकलो. माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या गँगमनने मागून जॅकेटची कॉलर धरून मला ओढले. गाडी गेली. तो ओरडला नाही. मला दगडावर बसवले, थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाला, “आधी रडून घे, मग चाल.” आदल्या रात्री आमच्या मुलीला दूध पचत नव्हते, तिला घेऊन मी जागा होतो. हे त्याला मी सांगितलेच नव्हते. मामांच्या प्रश्नाची किंमत मला त्या सकाळी कळली.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्यू पावले आणि सुमारे ८७०० जखमी झाले, अशी नोंद त्यात आहे. गाडीला अपघात झाला की पहिल्या पानावर बातमी येते. लाइनवर एकेकटा गेलेला माणूस त्याच्या गँगेत आणि घरातच आठवला जातो. म्हणून हा आकडा मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

९.३० : चहा

स्टेशनात दहा मिनिटे. गँगेतल्या दोन ताईही इथेच भेटतात. लाइनवर आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग मूत्रमार्गाचे दुखणे मागे लागते. मामांनी कामाची आखणी अशी ठेवली आहे, की दर दीड-दोन तासांनी प्रत्येकाची पावले स्टेशनाजवळ येतात. पैसा लागला नाही, कागद लागला नाही. काम वाटून देणाऱ्याने माणसाच्या देहाचा विचार केला, एवढेच.

एक मोठी सुधारणा मात्र वरून आली. एक्स्प्रेसच्या डब्यांचे संडास पूर्वी थेट रुळावर उघडत. धावत्या गाडीखालून उडालेली घाण आम्ही अंगावर, तोंडावर झेलली आहे आणि त्याच रुळांवर हात घालून काम केले आहे. डब्यांना बायो-टॉयलेट बसले आणि ते थांबले. प्रवाशांसाठी ती स्वच्छता होती. आमच्यासाठी ती माणूसपणाची गोष्ट होती.

१०.३० : गँगेबरोबर

टप्पा संपवून मी गँगेला मिळतो. एका सांध्याखाली खडी भरायची आहे. काम सुरू होण्याआधी दोन्ही दिशांना लुकआउट उभे राहतात. रूळ तुटलेला सापडला, तर पद्धत वेगळी: गाडी येण्याच्या दिशेने धावत सुटायचे, ६०० मीटरवर लाल बॅनर आणि १२०० मीटरवर तीन फटाके, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. चाकाखाली ते फुटले, की मोटरमन गाडी थांबवतो. पावसात, गमबुटात, खडीवरून १२०० मीटर. छाती शाबूत लागते ती त्यासाठी.

गँगेत नवा मुलगा आला आहे. डिप्लोमा झालेला, तेवीस वर्षांचा. त्याला वाटायचे, आपले शिक्षण खडीत गेले. मी त्याच्या हातात हातोडा दिला. “मार. काय ऐकू येतं?”

“आवाज, दादा.”

“इथे मार. आता?”

तो थांबला. पुन्हा मारला. “हा वेगळा आहे.”

“का वेगळा, ते तुला पुस्तकातून सांगता येईल. मला येत नाही.”

त्याने लोखंडातल्या कंपनांबद्दल सांगितले, तडा असेल तर ती कशी अडतात ते सांगितले. चौदा वर्षे मी जे कानाने ओळखत होतो, त्याचे कारण मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून आमचा करार आहे. त्याला मी रूळ शिकवायचा, त्याने मला खात्यांतर्गत परीक्षेचे गणित शिकवायचे.

१२.४५ : डबा

जेवताना बोलणे पावसावर येते. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ आणि नौदलाच्या मदतीने हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. ती जागा आमच्या टप्प्यापासून लांब नाही. पावसाळ्यात रात्रभर कंदील-बॅटरी घेऊन फिरणारा गस्तवाला याच पाण्यावर नजर ठेवतो. पाणी चढते आहे, हे वेळेवर कळणे एका जाग्या माणसावर अवलंबून असते.

वांगणीचे नाव निघाले, की मयूर शेळकेंचे नाव निघतेच. १७ एप्रिल २०२१ रोजी, अंध आईबरोबर चाललेले मूल फलाटावरून रुळावर पडले. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन शेळके गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ढकलले आणि स्वतः निमिषभर आधी फलाटावर चढले. मिळालेल्या बक्षिसातले निम्मे पैसे त्यांनी त्या मुलाच्या कुटुंबाला दिले. ती चित्रफीत देशाने पाहिली. मला तिच्यात आधी दिसते ते हे, की पॉइंट्समन आपल्या जागेवर होता, उभा होता आणि जागा होता.

३.०० : परत

सुट्टी होते. आज कल्याणच्या रेल्वे रुग्णालयात डोळे दाखवायचे आहेत. जवळचे अक्षर धूसर दिसू लागले आहे. पूर्वी असे काही झाले, की माणूस लपवायचा. हलके काम मिळेल, भत्ता जाईल, ही भीती. मामांनी दोघा-तिघांना स्वतः बरोबर नेले, तेव्हापासून आम्ही सांगू लागलो. लपवलेला मोतीबिंदू रुळातल्या तड्यासारखाच. वाढतो, पण वरून दिसत नाही.

६.३० : अभ्यास

मुलगी दहावीचा अभ्यास करते, तिच्या शेजारी बसून मी माझी पुस्तके उघडतो. चावीवाल्याचा मुकादम होतो. खात्याची परीक्षा दिली, तर पर्यवेक्षकापर्यंतही जाता येते. बढती पगारासाठी हवी, ते खरेच. पण मला ती आणखी एका कारणासाठी हवी आहे. उद्या हजेरीची वही माझ्यापुढे आली, तर “किती झोपलास?” हा प्रश्न टूल रूममधून जाऊ नये.

मुलगी विचारते, “बाबा, तुमच्या परीक्षेत हा प्रश्न येतो का?”

येत नाही. यायला हवा.

९.३० : दिवा बंद

या वेळेला आमच्या घरात टीव्ही बंद होतो. अम्मांच्या घरातलाही आवाज खाली येतो. मी काही बोललो नव्हतो, त्यांनीच ठरवले. लांबून एक गाडी कर्जतकडे जाते. तिच्या चाकांचा आवाज माझ्या टप्प्यावरून एकसारखा गेला, की मी कूस बदलतो.

तुम्ही त्या गाडीत असाल, तर तीन गोष्टी मागतो. पूल असताना रुळांवरून येऊ नका. तुमच्यासाठी वाजलेल्या भोंग्यात आमच्यासाठीचा भोंगा हरवतो. दारातून बाटली, नारळ, निर्माल्य काही फेकू नका. खाली कडेला माणूस उभा असतो. आणि तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल, मग ते रेल्वेत असो, एसटीत असो, कारखान्यात असो, तर उद्या सकाळी काम सांगण्याआधी त्याला एवढे विचारा, की रात्री झोप झाली का.