सरासरीची फसवणूक

लेसरचा प्रखर स्पंद क्षणमात्र चमकतो. तो क्षण केवढा, हें मोजावयाचें कसें? पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश. तेवढ्यांत प्रकाशही तीन दशांश मिलिमीटरच चालतो. नेहमींचें घड्याळ इतकें चपळ नाहीं. म्हणून स्पंदालाच स्पंदाचें घड्याळ करतात.

१९६७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लेसरचे स्पंद रंगद्रव्याच्या द्रावणांत समोरासमोर आणले. जेथें ते भेटले, तेथें द्रावण अधिक उजळलें. त्या उजळ पट्ट्याचें छायाचित्र घेऊन लांबी मोजली, कीं काळ हातीं येतो. ऊर्जेला काळानें भागलें कीं शक्ति निघते. काळ दहापट कमी धरला, तर शक्ति दहापट फुगते!

मेख येथेंच होती. विस्कळित, वेडावांकडा प्रकाशही भेटीच्या त्या एका जागीं आपल्या जुळ्या भागाशीं तंतोतंत जुळतोच, आणि तोही बारीक रेघ उमटवितो. १९६८ सालीं गणितानें निवाडा दिला : खऱ्या एकट्या स्पंदाचा पट्टा भोंवतालच्या तिप्पट तेजस्वी हवा, निव्वळ विस्कळित प्रकाशाचा दीडपटच भरतो. लांबीबरोबर तेजही तपासलें पाहिजे, हें त्यावरून ठरलें.

अनेक स्पंदांची बेरीज करणाऱ्या उपकरणांना ही खोड आजही आहे. मी शाळेंत गुणांची सरासरी काढी, तेव्हां अर्ध्या मुलांना नव्वद व अर्ध्यांना दहा मिळाले तरी वर्ग पन्नासाचा दिसे. पन्नास गुणांचा मुलगा मात्र एकही नसे. म्हणून महाशक्तिमान् लेसरचा प्रत्येक स्पंद शक्य तेथें स्वतंत्र मोजतात, आणि सरासरीशेजारीं प्रमाण विचलनही लिहितात.