मुळाला विष ओळखू येत नाही

पाऊस लागून राहिला, जमिनीचा वाफसा मोडला की लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पिवळं पडतं. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. शेतकरी मग लोहासाठी हिराकस फवारतो. खरं तर बसाल्ट झिजून झालेल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर आहे. पण चुनखडीमुळे सामू आठच्या आसपास राहतो, लोह विरघळत नाही आणि मुळाला मिळत नाही.

खाणीच्या जमिनीवरची झाडं विषारी धातू कसे घेतात, ते या पिवळ्या पानावरूनच समजतं. लोहाची भूक लागली की सोयाबीनचं मूळ भोवतालची माती आम्लधर्मी करतं आणि लोह आत घेणारी प्रथिनं वाढवतं. ही प्रथिनं चोखंदळ नसतात. लोहाच्या वाटेनेच मँगनीज, जस्त आणि कॅडमियमही आत शिरतं. कॅडमियमचा झाडाला उपयोग शून्य. आर्सेनिक तर स्फुरदाच्या वाटेने येतं. आत आलेल्या विषाला झाड गंधकयुक्त रेणूंनी बांधतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतं. काही झाडं ते मुळांमध्येच अडवतात, काही पानापर्यंत पोचवतात. माणसाच्या दृष्टीने सगळा फरक इथे पडतो.

आपली चुनखडीची काळी जमीन जशी लोह धरून ठेवते, तशीच शिसं आणि कॅडमियमही बऱ्यापैकी धरून ठेवते. पैनगंगा ओलांडून यवतमाळात गेलं की वणीच्या कोळसा खाणी लागतात. अशा खाणींतून उपसलेल्या ढिगाऱ्यात मात्र सेंद्रिय अंश फारच कमी असतो. त्यात पायराइट असेल, तर हवा-पाण्याने त्याचं गंधकाम्ल होतं आणि इतके दिवस दगडात अडकलेले धातू मोकळे होतात. जपानमध्ये कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत आणि तिथून माणसांच्या हाडांत गेलं. ‘इताई-इताई’ नावाचा तो भयंकर दुखणारा आजार खाणीच्या प्रदूषणामुळे झाला, हे सरकारने 1968 मध्ये मान्य केलं.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीतल्या ढिगाऱ्यांवर धातू जागीच धरून ठेवण्याचा मार्ग धरला. साखर कारखान्यातला प्रेसमड घालून आणि मुळांना नत्र देणारे जिवाणू व मायकोरायझा बुरशी लावून तिथे झाडं उभी केली. सेंद्रिय पदार्थ धातूंना धरतो, मुळं माती धरतात, धूळ उडत नाही, ओढ्यात गाळ जात नाही. मला हाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. धातू शोषून बाहेर काढणारी झाडंही आहेत. जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारं टेरिस व्हिटाटा नेचं आर्सेनिक पानांत साठवतं, हे 2001 मध्ये जगाला कळलं. पण ती पानं दरवर्षी कापून सुरक्षित ठिकाणी न्यावी लागतात, आणि जमीन स्वच्छ व्हायला अनेक वर्षं जातात. मध्येच कुणाची शेळी त्यात शिरली, तर विष तिच्या पोटात जातं.

म्हणून खाणीच्या ढिगाऱ्यावरचा चारा कापू नये, पावसाळ्यात तिथला तरोटा भाजीला खुडू नये. खाणीजवळ शेत असेल तर मातीची वेगळी तपासणी मागावी. मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. त्यात जस्त, लोह, मँगनीज आहेत, शिसं आणि कॅडमियम नाहीत.