पाठ दुखतेय? एकदा गळ्याकडेही बघा!

‘तो मोबाइल खाली ठेव, पाठ आपोआप बरी होईल!’ पाठदुखीची तक्रार केली की घरोघरी हेच औषध मिळतं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तासन्‌तास लेक्चर, खांद्यावर जड सॅक, रात्री बेडवर मांडीवर लॅपटॉप... पाठीला कुरकुरायला एवढं पुरेसं आहे. असं दुखणं साधारण काही आठवड्यांत ओसरतं. पण बसायची पद्धत सुधारली, सॅक हलकी केली, मलम चोळून झालं, तरी तीन महिने उलटूनही पाठ दुखतच राहिली तर? मग कारण दुसरीकडेही शोधायला हवं. त्या शोधातलं एक नाव म्हणजे थायरॉइड.

गळा कुठे, पाठ कुठे?

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची छोटीशी ग्रंथी. तिच्यातून येणारे टी-३ आणि टी-४ हे हार्मोन्स शरीराच्या कामाचा वेग ठरवतात. ते कमी पडले की हायपोथायरॉइडिझम होतो आणि सगळा कारभारच संथ होतो. स्नायू आखडतात, लवकर थकतात, दुखतात. खांदे आणि मांड्यांमध्ये हे जास्त जाणवतं, पण पाठही दुखू शकते. उलट, ग्रंथी जास्तच काम करू लागली आणि बराच काळ उपचार झाले नाहीत, तर हाडं ठिसूळ होतात.

तरीही ‘थायरॉइड बिघडला म्हणजे पाठ दुखणारच’ असा सरळ हिशेब नाही. दोन्ही त्रास इतके कॉमन आहेत की ते एकाच माणसात योगायोगानेही असू शकतात.

सोबत आणखी काय?

म्हणून नुसत्या पाठीकडे बघू नका. पुरेशी झोप होऊनही थकवा, कारण नसताना वाढलेलं वजन, इतरांपेक्षा जास्त वाजणारी थंडी, कोरडी त्वचा, केसगळती, बद्धकोष्ठता, अनियमित पाळी... यातल्या दोन-चार गोष्टी जुळत असतील तर डॉक्टरांना सगळं एकत्र सांगा. एकेक लक्षण सुटं सांगितलं की ‘आळस’, ‘टेन्शन’ असे शिक्के बसतात. मुलींनी तर हे नक्कीच लक्षात ठेवावं, कारण थायरॉइडचे त्रास स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त आढळतात.

मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांमधल्या प्रौढांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम असल्याचं दिसलं. २०१३मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा त्रास आहे, हे आधी माहीतच नव्हतं!

एक साधी टेस्ट

सुरुवात टीएसएच या रक्ततपासणीने होते. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला ‘काम कर’ असा निरोप टीएसएचमार्फत देते. थायरॉइड मंदावला की हा निरोप वाढतो, म्हणून रिपोर्टमध्ये आकडा चढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टआधीच डॉक्टरांना सांगा, कारण त्यामुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

औषध लागलंच तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी साधारणपणे सकाळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करून डोस ठरतो. आईच्या डबीतली गोळी ‘बघू या घेऊन’ म्हणून घेऊ नका. गरज नसताना घेतलेल्या जादा डोसनं हृदयाची धडधड वाढते आणि हाडंही झिजतात. म्हणजे पाठीसाठी घेतलेली गोळी पाठीच्याच मुळावर यायची!

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर?

तर शोध थांबवू नका. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली राहते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, तर मणक्यांच्या संधिवाताची तपासणी हवी. तो ऐन विशी-तिशीतच सुरू होतो. पाठदुखीसोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर लवकर डॉक्टरकडे जा. पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाकी कारण काहीही निघो, चालणं आणि पाठीचे व्यायाम चालू ठेवायचेच आहेत. मोबाइलबद्दल आई म्हणते तेही खरंच. फक्त तीन महिने झाले तरी पाठ ऐकत नसेल, तर सल्ल्यासोबत एक टेस्टही करून घ्या.