यादीच्या तळाचे गडी

फायटिंग गेमवर मराठीत कुणी लिहिलंच, तर ते विजेत्यांवर लिहितं. ईव्हो ही मोठी स्पर्धा कोण जिंकला, बक्षीस किती मिळालं, शेवटच्या फेरीत काय झालं. ते सगळं या लेखातही येईल, पण ओझरतं. खेळातल्या गड्यांची, म्हणजे पात्रांची, ताकदीनुसार यादी लावतात; माझा जीव पहिल्यापासून गुंतला तो त्या यादीच्या तळाशी पडलेल्या गड्यांत. ज्याला सगळ्यांनी मोडीत काढलं त्याच्यासाठी कुणीतरी नवी युक्ती शोधतो आणि वर्षानुवर्षांची क्रमवारी डळमळते, याच्याइतकं देखणं या खेळात मला दुसरं काही वाटत नाही.

आखाड्यात वजनगट असतात. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं ते बँटमवेटमध्ये; त्यांच्या ढाकेला जोड नव्हती, हे खरं, पण समोरचा मल्लही त्यांच्याच वजनाचा होता. फायटिंग गेममध्ये ही दयामाया नाही. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये झांगिएफसारखा पहाड आणि काटकुळा धालसिम एकाच पडद्यावर उभे राहतात. कुणाची चाल किती वेगाची, कुणाचा फटका किती लांब पोचतो, कुणाला किती लागतं, हे कारखान्यातच ठरून येतं. खेळाडूच्या हाती उरतो तो सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे एक फ्रेम. दुबळ्या गड्याचा सगळा इतिहास या फ्रेमांच्या फटींत घडला आहे.

नव्वदच्या दशकातलं हैदराबाद ज्यांनी पाहिलं त्यांना कोठी, सुलतान बाजार, आबिद्स इथली व्हिडिओगेम पार्लरं वेगळी सांगायला नकोत. सगळ्यात जास्त गर्दी ‘मुस्तफा’वर, म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’वर. तो खेळ आम्ही फायटरमंडळींनी कधी मोजला नाही. आमच्या भिंतीला ‘स्ट्रीट फायटर २’ आणि पुढे ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. मराठी घरातली पोरं, जुन्या शहरातली पोरं, मारवाड्यांची पोरं सगळी एका रांगेत, आणि मशीनसमोरची भाषा एकच, दखनी. धालसिमवर चौकट नेली की मागून आवाज यायचा, “नक्को लो मियाँ, वो कमजोर है.” गंमत अशी की ‘स्ट्रीट फायटर २’च्या आठ गड्यांत आपल्या देशाचा धालसिम तेवढा एकच, आणि त्यालाच कुणी हात लावत नसे.

कारणं उघड होती. धालसिम चालायला मंद. उडी मारली तर तरंगत राहणार. खाली येईपर्यंत समोरच्याने अप्परकट तयार ठेवलेला. हात लांब खरे, पण लांबवलेल्या हातावरही मार बसतो. तेव्हा फटका चुकला की समोरच्याला जवळ येण्याचीही गरज नाही. तो तुमच्या मनगटावरच ठोकतो. केनसारखा बलवान गडी घेऊन नुसती बटणं बडवणारा पोरगाही याला तीसेक सेकंदांत झोपवत असे.

पण याच धालसिमच्या पोटात काय काय दडलं होतं! खाली बसून मारलेली त्याची घसरती लाथ आगीच्या गोळ्याखालून निघून जाते, हे कळलं त्या दिवशी गोळे फेकत कोपऱ्यात बसणाऱ्यांचा धंदा बसला. उडीत असताना दांडी खाली दाबून लाथ मारली की तो गिरमिटासारखा फिरत तिरका उतरतो. तरंगत्या उडीचं व्यंग त्याच क्षणी संपतं, कारण कधी उतरायचं हे आता तुम्ही ठरवता. त्याहून पुढची पायरी म्हणजे हे गिरमिट समोरच्याने ब्लॉक केलं की तो ब्लॉकमधून मोकळा होतो न होतो तोच त्याला पकडायचं. फटका आणि पकड यांच्यामधला क्षण बरोबर साधला तर सुटकेची वाट अगदी अरुंद उरते. पार्लरांत यावर गहजब व्हायचा. “पकडापकडी नक्को” असा अलिखित कायदा होता आणि तो मोडणाऱ्याची कॉलर धरली जायची. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की असले कायदे बलवानांच्याच सोयीचे असतात. ज्याच्याकडे अप्परकट आहे त्याला पकडीची गरज नसते, म्हणून त्याला ती अनैतिक वाटते.

१९९२ च्या शेवटी ‘स्ट्रीट फायटर २’चा ‘हायपर फायटिंग’ हा अवतार आला. चोरट्या बोर्डांवरच्या ‘रेनबो’ आवृत्तीत लोक हवेतून गोळे फेकत होते. ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कॅपकॉमचं त्याला उत्तर म्हणजे हा वेगवान खेळ. त्यात धालसिमला अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट व्हायची विद्या मिळाली, टेलिपोर्ट. १९९४ च्या ‘सुपर टर्बो’पर्यंत जाणकारांच्या यादीत तो वरच्या गड्यांत जाऊन बसला होता. यावर आमचे काही विद्वान मित्र म्हणतात, मग तो दुबळा नव्हताच, तुम्हाला खेळता येत नव्हतं. ही पश्चातबुद्धी आहे. कुणी शोधून दाखवेपर्यंत जे बळ कुणाच्या कामी येत नाही, ते शोधणाऱ्याच्याच नावावर जमा व्हायला हवं.

टेलिपोर्टची खरी कमाल मात्र ‘स्ट्रीट फायटर ४’ आणि ‘५’ च्या काळात झाली. जमिनीवरून टेलिपोर्ट केला की प्रकट झाल्यावर धालसिम क्षणभर हतबल उभा राहतो, आणि समोरचा त्याला सावकाश मारतो. हवेत केला तर खाली येता येता फटका मारता येतो, पण उडी मारलेली दिसते आणि समोरचा सावध होतो. कुणाच्या तरी डोक्यात आलं की टेलिपोर्टची हालचाल दांडीवर आधी करून ठेवायची, शेवटी दांडी वर न्यायची आणि पाय जमिनीवरून सुटता सुटताच बटणं दाबायची. यंत्राच्या लेखी धालसिम हवेत असतो, माणसाच्या डोळ्याला मात्र उडी दिसतच नाही. तो थेट पाठीमागे, हवेत, हात उगारलेला. सागाटच्या जुन्या ‘टायगर नी’च्या हालचालीची ही नात. खेळात नवीन काही घातलं नव्हतं, दोन जुन्या गोष्टींमधली चार-पाच फ्रेमांची फट तेवढी कुणीतरी पाहिली होती. हे अंगवळणी पडायला मला दोन पावसाळे लागले आणि अंगठ्याची साल गेली. तक्रार नाही.

मधल्या वर्षांचा आढावा उरकून टाकतो. १९९५ साली कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त डॅन आणला, मुद्दाम दुबळा, प्रतिस्पर्धी कंपनीच्या नायकांची टिंगल करायला. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ मध्ये शिंगो आला. आग फेकणाऱ्या कुसानागीचा चेला, पण याच्या हातातून आग निघत नाही. आमच्याकडे त्याचे दोनचार भक्त होते. २००१ च्या ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २’ मध्ये कोलांटी सुरू होताच ती तोडून खास डाव टाकला तर कोलांटीचं कवच त्या डावाला चिकटतं, हे सापडलं. खेळाडूंनी त्याला रोल कॅन्सल म्हटलं. चूक प्रोग्रामरची, पण ब्लँकाच्या विजेला त्यामुळे जी धार आली ती पाहण्यासारखी. २००४ ची ईव्हो म्हटली की सगळ्यांना दाइगो या खेळाडूने चुन-लीच्या लाथा एकेक करून परतवल्या तेवढंच आठवतं. उत्तम प्रसंग. पण तो केन घेऊन होता, केन!

त्यापेक्षा ‘मेली’ची गोष्ट सांगतो. निन्टेन्डोचा हा खेळ २००१ चा. आइस क्लाइंबर्स ही जोडगोळी; एकाने पकडायचं, दुसऱ्याने तालात ठोकत राहायचं, पकडलेला सुटतच नाही. हा प्रकार ज्याच्यामुळे गाजला त्या ‘वॉबल्स’च्या नावावरून त्याला वॉबलिंग म्हणू लागले आणि पुढे बहुतेक स्पर्धांनी त्यावर बंदी घातली. पाहणारे कंटाळतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. पकडापकडीचा कायदा अमेरिकेतही पोचला म्हणायचा.

योशीवर बंदी घालण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण त्याच्याकडून कुणाला धोकाच नव्हता. ढाल उचलल्यावर इतर गडी उडी मारून निसटतात. योशीला ते जमत नाही. जपानच्या आम्साने मात्र लाल योशी धरला आणि सोडला नाही. योशीची ढाल उघडता उघडता पहिल्या काही फ्रेमांत फटका आला तर तो फुकट जातो आणि योशी लगेच उलट मारू शकतो, ही गोष्ट त्याने कोपऱ्यातल्या कुतूहलातून उचलून रोजच्या वापरात आणली. दुसरी उडी सुरू होताच फटक्याने ती तोडायची आणि जमिनीलगत राहायचं, हे त्याच्या जोडीला. २०२२ च्या ऑक्टोबरात तो बिग हाउस १० जिंकला. खेळ एकवीस वर्षांचा होत आला होता. त्याआधी २०१९ साली अ‍ॅक्सने पिकाचू घेऊन स्मॅश समिट ८ जिंकली, तेव्हा ‘हा अपवाद’ म्हणणारे योशीनंतर जरा कमी बोलू लागले.

एकवीस वर्षं! माझं सगळं म्हणणं या आकड्यात आहे. ‘मेली’ निघाल्यावर तो कुणी वर्षानुवर्षं दुरुस्त करत बसलं नाही. योशी दुबळा होता आणि दुबळाच राहणार होता, म्हणून तर कुणाला त्याच्यात खणत बसावं लागलं. आजच्या खेळांत गडी कमजोर दिसला की कंपनी पुढच्या अपडेटमध्ये त्याला टॉनिक पाजते. कुणी एखादी फट शोधली आणि ती फार गाजली, तर त्याच अपडेटमध्ये ती बुजवते. शोधणाऱ्याच्या हाती उरतो एक व्हिडिओ. नव्या पिढीचे काही जण याला न्याय म्हणतात. असेल न्याय. पण ज्या पोराला माहीत आहे की तीन महिन्यांनी सगळं बदलणार, तो दोन पावसाळे अंगठा कशाला झिजवेल? तो ती यादी, टियर लिस्ट, उघडतो आणि वरचा गडी घेतो.

अशा झिजण्याचं फळ काय, हे सांगताना लाहोरचं उदाहरण टाळता येत नाही. २०१९ साली तिथला अर्सलान अ‍ॅश व्हिसाच्या कटकटींतून आधी जपानला आणि मग लास व्हेगासला गेला आणि ‘टेकन ७’ च्या दोन्ही ईव्हो जिंकून आला. जगाने ज्यांना हिशेबातच धरलं नव्हतं अशी पोरं आपसांत खेळून पोलाद झाली होती. कोठीच्या पार्लरांतही तसंच बंद दाराआडचं शिक्षण चालू होतं, पण नेमक्या वेळी ती पार्लरं गेली. काहींच्या जागी मोबाईलची दुकानं आली, आणि त्या मोबाईलवर पोरं बंदुका चालवतात. २०२२ मध्ये ड्रीमहॅक हा गेमिंगचा मेळा हैदराबादच्या हायटेक्स प्रदर्शनकेंद्रात आला. शहरात गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पैसा आहे, रोषणाई आहे. स्क्रीनसमोर टिकून भांडणारी, हरून परत रांगेत लागणारी गर्दी मला तिथे फार दिसली नाही.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, ‘स्ट्रीट फायटर ५’ ला पदक होतं. आपले मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास गेले होते. सुवर्ण नेलं कोरियाच्या किम ग्वान-वूने, वय ४४. बोटं म्हातारी होतात म्हणून आम्हाला निवृत्त करायला निघालेल्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. आणि हायटेक्सला मंडप घालणाऱ्यांना एक सुचवणं आहे. पुढच्या खेपेला एका कोपऱ्यात १९९४ चा ‘सुपर टर्बो’ मांडा, अपडेटशिवायचा, खऱ्या दांड्यांसह, आणि पाटी लावा की केन घ्यायचा नाही. धालसिमची जागा माझ्यासाठी राखून ठेवली नाही तरी चालेल, मी रांगेत उभा राहीन.