बार्शीची वाघीण आणि महाडचा गंज

महाड-पोलादपूरकडे नॅरोगेज कधी आलीच नाही. कोकण रेल्वे १९९३ साली वीरपर्यंत पोचली, ती थेट ब्रॉडगेज. तरी नॅरोगेजच्या मालवाघिणीचं मॉडेल घरी शून्यातून बांधून त्याला वापरलेलं, जुनं रूप द्यायचं असेल, तर लोखंड कसं म्हातारं होतं हे पाहायला इथल्याइतकी सोय क्वचितच मिळेल. फक्त इथलं पाहून सगळंच्या सगळं उचलायचं नाही.

नमुन्यासाठी बार्शी लाइट रेल्वे उत्तम. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली ही ७६२ मिलिमीटर गेजची लाइन होती. रूळ हलके वापरायचे म्हणून एकेका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. त्यातून मालाच्या वाघिणींसाठी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची एकच चौकट ठरली, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, खाली दोन बोगी. आपल्यालाही हे सोयीचं. चौकट एकदा जमली की वर हवा तो डबा बसवता येतो.

प्रमाण १:८७ घ्या. चौकट ८७.६ मिलिमीटर लांब आणि २४.५ रुंद होते. ७६२चे होतात ८.७६, आणि बाजारातल्या एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा. हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून चाकं आणि बोगी एन गेजच्या तयार घ्याव्यात. बाकीची मापं अगदी समोरून, बाजूने घेतलेल्या जुन्या फोटोवरून काढता येतात. फोटोत २५ फूट किती सेंटिमीटर भरतात ते मोजा, उरलेलं त्रैराशिक.

उघडी वाघीण बांधू. अर्धा मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिक शीट बाजूंना, एक मिलिमीटरची तळाला. पट्टीला धरून सुरी दोनतीनदा हलकी फिरवायची आणि शीट वाकवायची. ती रेषेवर सरळ तुटते. रिव्हेट काढायला संपलेलं बॉलपेन पुरे. शीट जुन्या वहीवर ठेवून मागच्या बाजूने दाबलं की पुढे फुगवटा येतो. हे काम बाजू चिकटवण्याआधी उरकायचं. चौकट काटकोनात आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहा. ते सारखे नसतील तर डबा तिरका होणार. एक बोगी नुसती डावी-उजवी वळेल इतकी घट्ट ठेवा, दुसरी सगळ्या बाजूंनी सैल. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, तसंच हे. वजनासाठी तळाखाली शिशाचा तुकडा. वजन जितकं खाली, तितकी गाडी कमी घसरते.

आता रंग. लहान वस्तूवर मूळ रंग जास्त गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. आधी गंजाचा तपकिरी हात द्या. तो वाळला की कडांवर पाणी लावून मिठाचे बारीक कण टाका आणि मगच वरचा रंग. सगळं वाळल्यावर मीठ ओल्या ब्रशने झाडलं की पोपडे सुटल्यासारखे डाग उरतात.

हे डाग कुठे असावेत, ते इथल्या एखाद्या जुन्या पत्र्याच्या शेडपाशी उभं राहून ठरवा. गंज पाणी थांबतं तिथे धरतो: खालच्या कडेला, सांध्यात, रिव्हेटच्या भोवती. तिथून ओघळ सरळ खाली येतो. जुना गंज काळपट तपकिरी, नारिंगी तेवढा ताजा. नवशिके नेमका नारिंगीच भरभरून लावतात.

पण बार्शी म्हणजे सह्याद्रीपलीकडचा, कमी पावसाचा मुलूख. महाडच्या शेडइतका गंज त्या वाघिणीवर शोभत नाही. तिच्या अंगावर हवी धूळ, आणि काळ्या जमिनीची धूळ वाळली की करडी दिसते. करड्या आणि तपकिरी खडूची पूड सँडपेपरवर घासून खालून वर विरळ होत जाईल अशी लावा. बोगीवर ब्रेकच्या लोखंडी भुग्याचा तपकिरी थर येतो, मात्र चाकाचा रुळाला टेकणारा भाग चकचकीतच राहतो. आतल्या तळाचा रंग मालाच्या घासाघाशीने गेलेला दाखवा. माझ्या मते अर्धी वाघीण या तळावरच खरी वाटते. इथला गंज मनसोक्त वापरायचा असेल, तर आपल्याच जिल्ह्यातली नेरळ-माथेरान लाइन घ्या. १९०७ पासून ती याच पावसात भिजते आहे.

खरा गंज खरवडून लावायचा मोह होतो. जरूर लावा, पण मलमलच्या कपड्यातून गाळून. एक मिलिमीटरचा कण १:८७ मध्ये नऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो.

शेवटी मॅट वार्निश. त्याखाली पूड फिकी पडते, म्हणून ती आधीच थोडी जास्त लावावी. आणि दमट हवेत स्प्रेचं वार्निश पांढुरकं पडतं. म्हणून महाडकरांनी पावसाळ्यात कापाकापी आणि रिव्हेट उरकावेत, वार्निशचा डबा दिवाळीनंतरच उघडावा.